स्कॅन नॉर्मल, तक्रारी कायम

प्रश्न : माझे यजमान तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना जवळच झालेल्या स्फोटाने ते मिनिटभर बेशुद्ध पडले होते. तेव्हापासून डोकेदुखी, विसराळूपणा आणि चिडचिड सुरू आहे. सीटी स्कॅन आणि एमआरआय दोन्ही नॉर्मल आल्यामुळे घरातलेच आता ‘मनाचे खेळ’ म्हणतात. हे खरे आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : घरातल्यांनी ज्या रिपोर्टचा आधार घेतला आहे, तो इतके सिद्ध करीत नाही. मेंदूची इजा ‘सौम्य’ आहे की नाही, हे प्रामुख्याने त्या वेळच्या लक्षणांवरून ठरते : शुद्ध हरपली असल्यास ती ३० मिनिटांच्या आत परत येणे, आठवणीतली पोकळी २४ तासांपेक्षा मोठी नसणे आणि शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर १५ पैकी १३ ते १५ गुण असणे. अमेरिकी सैन्याच्या व्याख्येत तर नेहमीचा स्कॅन नॉर्मल असणे ही सौम्य श्रेणीची एक अटच आहे. जानेवारी २०२० मध्ये इराकमधील अल असद तळावर क्षेपणास्त्रे पडली, तेव्हा प्रथम कोणीही जखमी नसल्याचे सांगण्यात आले. पुढे शंभराहून अधिक अमेरिकी सैनिकांना मेंदूची इजा झाल्याचे निदान झाले.

तरीही इतक्या वर्षांनंतरची प्रत्येक तक्रार त्या एका स्फोटाच्या खाती टाकू नये. अपुरी झोप, रक्तदाब, नैराश्य आणि कानाचे दोष यांनीही हेच चित्र उभे राहते, आणि त्यांच्यावर उपचार आहेत. ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असल्यास पॉलिक्लिनिकमधून न्यूरोलॉजिस्टकडे रेफरल मागून घ्यावे, आणि सोबत तुम्हीही जावे, कारण चिडचिड रुग्णापेक्षा घरच्यांनाच अधिक नेमकी सांगता येते.

प्रश्न : एका खासगी केंद्राने वडिलांसाठी चेतातंतूंचा नकाशा दाखवणारा महागडा एमआरआय सुचवला आहे. वडील माजी सैनिक आहेत. तो करावा का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : या तंत्राला डिफ्युजन टेन्सर इमेजिंग म्हणतात. ते मेंदूतील पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. सकाळी दादरच्या पुलावर माणसे पुलाच्या लांबीनेच सरकतात, कारण बाजूला कठडे असतात. तसेच निरोगी चेतातंतूंमध्ये पाणी तंतूच्या दिशेने अधिक सरकते. तंतूला इजा झाली की ही शिस्त मोडते, आणि मोजलेला आकडा बदलतो. पण जिथे दोन पूल एकमेकांना मिळतात, तिथे एकही कठडा तुटलेला नसताना गर्दी सगळीकडे पांगते. मेंदूतही एकमेकांना छेदणारे तंतू जागोजागी असतात, आणि ते पूर्ण निरोगी असले तरी हाच आकडा उतरलेला दिसतो. शिवाय वय आणि मशीन बदलले की तोही बदलतो.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्फोटात सौम्य इजा झालेल्या ६३ सैनिकांची तुलना स्फोटाला सामोरे गेलेल्या, पण अशी इजा न झालेल्या २१ जणांशी केली होती. गट म्हणून फरक स्पष्ट होता, मात्र अनेक ठिकाणच्या तंतूंना इजा असल्याचा ठोस पुरावा ६३ पैकी १८ जणांतच मिळाला. उरलेल्यांचा नकाशा नॉर्मल म्हणून त्यांना इजा नव्हती, असे संशोधकांनी म्हटले नाही. संशोधनासाठी हे तंत्र मोलाचे आहे. एकट्या रुग्णाचा निकाल त्यावर लावण्याइतके ते अजून पक्के नाही. माझ्या मते हे पैसे वाचवावेत. या नकाशाने वडिलांचे औषध बदलण्याची शक्यता कमी आहे, आणि रंगीत चित्र पाहून घरची मंडळी घाबरतात ते वेगळेच.

प्रश्न : स्फोटाची इजा आणि युद्धाचा मानसिक आघात यांतला फरक स्कॅनवर कळतो का? (एक विद्यार्थिनी, परळ)

उत्तर : एका माणसापुरता, खात्रीने, नाही. हा वाद पहिल्या महायुद्धात तोफमारा सोसलेल्या सैनिकांत दिसलेल्या ‘शेल शॉक’इतका जुना आहे. इराकहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या २००८ मधील पाहणीत पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) आणि नैराश्य हिशेबात घेतल्यावर सौम्य इजेचा बहुतेक शारीरिक तक्रारींशी असलेला संबंध पुसला गेला. डोकेदुखी तेवढी उरली. उलट २०१६ मध्ये स्फोट सोसलेल्या मृत सैनिकांच्या मेंदूंत, करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर व रक्तवाहिन्यांभोवती, सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट व्रण आढळले. नेहमीच्या स्कॅनवर असे व्रण दिसत नाहीत. म्हणून तुम्ही वाचाल त्या प्रत्येक अभ्यासात तुलनेचा गट कोणता, हे आधी पाहा : युद्धावर गेलेले पण इजा न झालेले सैनिक त्यात नसतील, तर फरक स्फोटाचा की युद्धाचा, हे ठरवता येणार नाही.

प्रश्न : पायात छर्रा राहिला आहे. एमआरआय चालेल का? (एक माजी सैनिक, कुलाबा)

उत्तर : टेक्निशियनला आधी सांगितल्याशिवाय मुळीच नाही. छर्रा लोखंडी असेल तर चुंबकाने तो सरकू किंवा तापू शकतो. आधी एक्स-रे काढून तो नेमका कुठे आहे ते पाहतात आणि मग रेडिओलॉजिस्ट निर्णय घेतो. डोळ्याजवळही काही उडाले होते असे वाटत असेल, तर तेही न विसरता सांगावे.