आधी नाक जेवतं

प्रश्न : वजन कमी करायचं आहे. सकाळभर ताबा राहतो, पण दुपारी बांगडे तळायला घेतले की जेवण दुप्पट होतं. काय करावं? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : तळणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, पोटात आम्लही झरू लागतं. पोट रिकामं असेल तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून उपाशीपोटी रांधायला उभं राहू नका. अकराच्या सुमाराला वाटीभर उकड्या तांदळांची पेज घ्यायची आपली जुनी सवय इथे कामाला येते.

दुसरं कारण ताटातच आहे. एकच पदार्थ खात गेलं की त्याची गोडी घासागणिक उतरते, शेजारच्या वेगळ्या चवीची मात्र उतरत नाही. हुमण (खोबऱ्याच्या वाटणाची माशांची आमटी) आणि भाताने पोट भरलं तरी कुरकुरीत तुकडी हवीच वाटते, ती यामुळे. तेव्हा तळण आठवड्यातून एकदाच करा. एरवी हुमण, थोडा भात, एक भाजी आणि नारळाची सोलकढी न करता फुटी, म्हणजे बिननारळाची, कोकमाची कढी.

हुमणात वासाची बाजू तिरफळं (माशांच्या आमटीत घालायची मसाल्याची सुकी फळं) सांभाळतात. चौघांच्या हुमणाला आठ-दहा सुकी तिरफळं घ्या, आतल्या काळ्या बिया टाकून द्या, सालं जरा ठेचा आणि शेवटच्या पाचेक मिनिटांत घाला. वाटणात बारीक वाटली तर हुमण कडवट होतं. फार उकळली तर वास वाफेबरोबर जातो. वास खमंग असला की खोबरं निम्मं केलेलं जाणवत नाही. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे 350 कॅलरी असतात, म्हणजे ही बचत लहान नाही. घास सावकाश चावा. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वास असतो; भराभर गिळलं तर तो मिळतच नाही. आणि रांधताना ‘चव बघितलेल्या’ तुकड्याही मोजा!

प्रश्न : जेवणावर भुरभुरवायची, वासाने भूक मारणारी पावडर घ्यावी का? (म्हापसा)

उत्तर : नको. अमेरिकेत ‘सेन्सा’ नावाची अशीच पावडर खपत होती. दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने 2014 साली कारवाई केली आणि ग्राहकांच्या परताव्यासाठी 2 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले.

प्रश्न : आई 72 वर्षांची. मोठ्या सर्दीनंतर तिला जेवण मातीसारखं लागतं, वजन उतरतंय. (पेडणे)

उत्तर : डोळे मिटायला सांगून कॉफीची पूड एकेका नाकपुडीखाली धरा, मग जिभेवर मीठ आणि साखर ठेवून बघा. मीठ-साखर ओळखता आली पण कॉफी कळली नाही, तर दोष बहुधा नाकात आहे. मीठ वाढवू नका, रक्तदाब चढेल. कोकमाचा आंबटपणा, मिरीचा झणका, कुरकुरीत पापड हे नाकाशिवायही जाणवतं. फोंड्याच्या वाचकाला सांगितलं त्याच्या उलट करा : ताटात तीन-चार वेगळ्या चवी थोड्या थोड्या वाढा, आणि खोबरं भरपूर घाला.

नाकाला व्यायामही असतो. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. प्रत्येकाचा वास 20 सेकंद, लक्ष देऊन, सकाळ-संध्याकाळ, निदान 12 आठवडे. बरेच जण महिन्याभरात कंटाळून सोडतात, तिथेच फसतं. वजन सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त, म्हणजे 50 किलोला अडीच किलो, उतरलं असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्यांची यादी सोबत न्या, काही औषधांनीही चव जाते. तोवर गॅसचा वास आईंना कळणार नाही, तेव्हा रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर दुसऱ्या कुणीतरी बंद करावा.