गुलाबामागचा निळा रंग

प्रश्न : नागपूरच्या प्रतापनगरात आमच्या घरापुढे पंधरा बाय वीस फुटांची बाग असून तिच्यात गुलाबाची बारा कलमे आहेत. मागच्या जूनमध्ये श्रीनगरला गुलाबांच्या मागे छातीएवढ्या उंचीचे निळे तुरे पाहिले. ते डेल्फिनियम असून बहुवर्षायू असते, असे माळ्याने सांगितले. बिया आणून पहिल्या पावसात पेरल्या, पण एकही उगवली नाही. डिसेंबरात नर्सरीतून आणलेली चार रोपे फेब्रुवारीत फुलली. एप्रिलमध्ये मात्र दोन वेळा पाणी देऊनही आठवडाभरात बसली. माझा हात वाईट की माती?

उत्तर : आपला हात चांगला आहे, महिना चुकला. डेल्फिनियम बहुवर्षायू ठरते ते जिथला उन्हाळा आपल्या पौष-माघासारखा असतो तिथे. कडाक्याच्या थंडीत ते पाने टाकून जमिनीलगतच्या बुंध्यावर तग धरते आणि वसंतात पुन्हा फुटते. नागपुरात एप्रिल लागला की रात्रीचा पाराही बहुधा २० अंशांखाली येत नाही, आणि अशा उकाड्यात मलूल झालेले रोप तहानलेले आहे असे समजून पाणी वाढवले, तर गरम, ओल्या काळ्या मातीत त्याचा बुंधा कुजतो. आपल्या रोपांचे हेच झाले असावे. बियांना उगवायला १५ ते २० अंशांचा गारवा लागतो. जूनच्या वाफ्यात तो मिळणे शक्य नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की, विदर्भात हा निळा रंग पाहुणा म्हणूनच बोलवावा आणि डेल्फिनियमच्या मागे न लागता त्याच घराण्यातला लार्कस्पर लावावा. कोजागरीनंतर, दिवाळीच्या आगेमागे, त्याचे बी थेट जागेवर पेरावे, कारण त्याचे सोटमूळ एकदा दुखावले की रोप पुन्हा उभारी धरत नाही. बी अर्धा सेंटिमीटर मातीने नीट झाकावे. त्याला उगवण्यासाठी अंधार हवा असतो. दोन-तीन आठवड्यांत रोपे दिसू लागली की वीतभर अंतर ठेवून विरळणी करावी. जानेवारीच्या अखेरीस तीन फुटांपर्यंत तुरे येतात. दांडे पोकळ असतात, तेव्हा बांबूच्या कामट्या आधीच रोवून सुतळी सैल बांधावी. मार्च संपता संपता सगळे उपटून टाकावे, बी कागदी पुडीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे, आणि या कामाचे वाईट वाटून घेऊ नये. एक खबरदारी मात्र हवी : डेल्फिनियम काय किंवा लार्कस्पर काय, झाडाचे सगळे भाग, विशेषतः बिया, विषारी असतात. आयुर्वेदातला वत्सनाभ याच कुळातला आहे. घरात लहान मूल असेल तर बी कुठे ठेवता याकडे लक्ष द्यावे.

दोन्ही एकाच वेळी फुलवायचे असतील तर गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पूर्ण ओसरल्यावर करावी. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या, पाव इंच वर, तिरका काप घ्यावा आणि कापलेल्या टोकाकडे एकदा नीट पाहावे. आतला गाभा पांढरा असेल तर काम झाले. तपकिरी असेल तर मर (फांदी टोकाकडून वाळवत नेणारा रोग) आत शिरली आहे, म्हणून पांढरा गाभा लागेपर्यंत खाली कापत जावे आणि टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावावी. (मी हे सांगितल्यावर बहुतेक जण अर्धी फांदी वाचवतात आणि पुढच्या वर्षी अख्खे झाड गमावतात.) पहिला बहर डिसेंबरच्या सुरुवातीस येतो. सुकलेली फुले देठासह दोन-तीन पाने खाली कापत राहिले, तर पुढचा बहर फेब्रुवारीच्या आसपास, म्हणजे निळ्या तुऱ्यांच्या भेटीला येतो. लार्कस्परची ओळ गुलाबांच्या उत्तरेला ठेवावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे गुलाबांवर सावली पडत नाही. दोघांत दीड फुटाची मोकळी पट्टीही ठेवावी, नाहीतर हवा कोंडून गुलाबाच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते.

वर्षानुवर्षे टिकणारी निळाई हवीच असेल, तर कुंपणाकडे निळी कोरांटी आणि प्लंबागो लावावेत. उंची हवी असल्यास भारंगी पाहावी. कोकणात पावसाळ्यात जिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात तीच ही. चार पाकळ्या फिकट निळ्या, खालची एक गडद जांभळट आणि तिच्यावरून वाकलेले लांब केसर, असे तिचे फूल असते. उन्हाळ्यात वरचे झाड वाळले तरी पहिल्या पावसात ती मुळापासून फुटते. श्रीनगरच्या तुऱ्यांचा डौल तिला नाही, हे मान्य करायला हवे; पण जूनमध्ये ती जिवंत असते.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या ‘निळ्या गुलाबाच्या’ बिया दोन महिने झाले तरी उगवत नाहीत. काय करावे?

उत्तर : पैसे परत मागावेत. निळ्या फुलांमध्ये जे रंगद्रव्य बहुधा असते त्याला डेल्फिनिडिन म्हणतात. हे नाव आपल्या वरच्या डेल्फिनियमवरूनच पडले आहे. गुलाबाला ते तयार करता येत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीचे जनुक घालून ते गुलाबात आणले आणि २००९ पासून असा गुलाब जपानात विकायला सुरुवात केली, तरीही त्याच्या पाकळ्या जांभळट आहेत, कारण पाकळीतला पेशीरस आम्लधर्मी असतो. शिवाय चांगला गुलाब बियांपासून जसाच्या तसा येत नाही, डोळा भरलेले कलमच घ्यावे लागते. निळ्याच्या सर्वांत जवळ जाणारे म्हणून ‘ब्लू मून’ लावून पाहावे. रंग फिकट जांभळा, वास सुरेख.

प्रश्न : गुलाबाची नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. बोअरचे पाणी देतो.

उत्तर : ही लोहाची कमतरता आहे. काळ्या मातीतला चुना आणि बोअरचे जड पाणी यांमुळे जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. आळ्यात शेणखत भरपूर घालावे आणि चुन्याचे काहीही, अगदी अंड्याची टरफलेसुद्धा, टाकू नये.

प्रश्न : नवतपात गुलाब कसे जगवावेत?

उत्तर : मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत फुलांची अपेक्षा सोडावी आणि कळ्या दिसताच खुडाव्यात. छाटणी किंवा रासायनिक खत अजिबात नको. पाणी सकाळी सातच्या आत, आळे भरून द्यावे. आळ्यात चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरावा, म्हणजे मातीला भेगा पडून मुळे तुटत नाहीत. हिरवी जाळी झाडाला टेकू न देता दोन फूट वर, पश्चिमेच्या बाजूने थोडी खाली उतरती बांधावी.