वसुलीची नोटीस हातात आल्यावर

प्रिय मित्रा,

तालुक्याच्या मदत केंद्रावर तू बसायला लागल्यापासून, सरकारी योजनेत जादा गेलेले पैसे परत मागणाऱ्या वसुलीच्या नोटिसा घेऊन येणारी माणसं वाढली आहेत, आणि त्यांना नेमकं काय सांगायचं हे तू विचारलंस. म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

नोटीस घेऊन आलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, "किती भरावे लागतील?" तू त्या प्रश्नाच्या मागे जाऊ नकोस. आधी हे शोध की हा आकडा आला कुठून. जादा दिलेले पैसे परत मागण्याचा शासनाला अधिकार आहे, पण नोटिशीतला आकडा बहुतेक वेळा दोन याद्या संगणकावर एकमेकींशी ताडून निघालेला असतो. त्यात माणूस चुकीचा धरलेला असतो, कारण चुकीचं असतं, काळ चुकतो, रक्कम चुकते. या चार गोष्टी चार वेगळ्या प्रश्नांसारख्या तपास. चारही बरोबर निघाल्या तरच पैसे कसे भरायचे हा विषय.

नोटीस मिळाल्याची तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून घे आणि पाकिटासकट फोटो काढ. मुदत त्या तारखेपासून मोजली जाते आणि लोक नेमकं पाकीट फेकून देतात. मग जावक क्रमांक, कार्यालय, योजनेचं नाव, किती दिवसांत म्हणणं मागितलं आहे आणि कोणत्या शासन निर्णयाचा किंवा कलमाचा आधार दिला आहे हे वाच. कागदच नसेल, गावात कुणी तोंडी "पैसे भरा नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढेल" एवढंच सांगितलं असेल, तर लेखी नोटीस द्यावी असा अर्ज दे. तोंडी सांगण्यावरून एक रुपयाही भरू देऊ नकोस. आणि "मी अपात्र आहे, रक्कम भरण्यास तयार आहे" अशा छापील कागदावर समजून न घेता सही किंवा अंगठा होऊ देऊ नकोस. असं संमतीपत्र एकदा गेलं की पुढची प्रत्येक सुनावणी त्याच्यापाशी अडते.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळी बाजू त्यावरच उभी राहते. बँकेतून योजना सुरू झाल्यापासूनचं पासबुक भरून आण किंवा खात्याचा उतारा घे, आणि हप्त्यागणिक तक्ता कर: कोणत्या काळाचा हप्ता, जमा तारीख, रक्कम, कोणतं खातं. पीएम किसानमध्ये वर्षाला ६,००० रुपये असतात, २,००० चे तीन हप्ते. काळ एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च. समज, नोटीस १४,००० ची आहे, म्हणजे सात हप्ते. पासबुकात पाचच दिसतात. उरलेले दोन गेले कुठे? आधारवर आधारित जमा नेहमी त्या खात्यात होते जे आधारशी शेवटचं जोडलं गेलं आहे. बचत गटासाठी किंवा गॅस अनुदानासाठी उघडलेलं, विसरलेलं दुसरं खातं असेल तर पैसे तिथे पडलेले असतात. ते सापडले तर तेच परत करता येतात. नाहीच सापडले, तर कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात ते जमा झाले हे कार्यालयाकडे लेखी माग. न मिळालेल्या पैशाची परतफेड कुणाच्या माथी बसता कामा नये.

आता कारण. पीएम किसानमध्ये हे सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून इथे वेळ दे. मागच्या मूल्यांकन वर्षात आयकर भरलेली व्यक्ती अपात्र, असा नियम आहे. विवरणपत्र दाखल करणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जासाठी शून्य कराचं विवरणपत्र भरलेला शेतकरी यादीत आयकरदाता म्हणून येऊ शकतो. त्याच्याकडून त्या वर्षाच्या विवरणपत्राची पोच आणि फॉर्म २६एएस, म्हणजे कापलेल्या आणि भरलेल्या कराचा उतारा घे. कर शून्य असल्याचं किंवा कापलेली रक्कम परत मिळाल्याचं त्यात दिसतं. सरकारी नोकर आणि महिन्याला दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे अपात्र, पण चतुर्थ श्रेणी म्हणजे गट ड आणि मल्टि टास्किंग स्टाफ या अटीतून वगळलेले आहेत. शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या शेतकऱ्याचं निवृत्तिवेतन दहा हजारांच्या वर गेलं म्हणून तो आपोआप अपात्र होत नाही. त्याचा निवृत्तिवेतन आदेश आणि सेवापुस्तकातलं पद दाखवणारं पान जोड. नवरा-बायको दोघांच्या नावावर हप्ते गेले असतील, तर नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. एका कुटुंबाला एक लाभ. अशा वेळी एकाचेच हप्ते परत जायला हवेत, दोघांचे नाहीत. कधी कधी नोटिसा दोघांनाही निघतात.

काळाची चूक कुणाच्या लक्षात येत नाही. बायको नोकरीला लागली, जमीन विकली, कर भरला, या प्रत्येक गोष्टीला तारीख असते. त्या तारखेआधीचे हप्ते त्या कारणाने मागता येत नाहीत. पण यंत्रणा पहिल्या हप्त्यापासून बेरीज करून टाकते. तुझ्या तक्त्यावर त्या तारखेची आडवी रेघ मार; वरचं वेगळं, खालचं वेगळं.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत आणखी एक गोंधळ असतो. हयातीचा दाखला दिला नाही किंवा आधार पडताळणी राहिली म्हणून अनुदान थांबतं, आणि घरातल्यांना वाटतं वसुली लागली. थांबणं आणि वसुली यात फरक कर. पहिल्यावर उपाय तहसीलच्या संजय गांधी शाखेत कागद पूर्ण करणं एवढाच असतो.

सगळं तपासून झालं की लेखी म्हणणं द्यायचं. लांब लिहू नकोस, रडगाणंही नको. एवढं पुरतं: "आपली नोटीस क्रमांक अमुक, मला अमुक तारखेला मिळाली. नमूद हप्त्यांपैकी अमुक हप्ते माझ्या खात्यात जमा नाहीत (पासबुक प्रत जोडली). अपात्रतेचे दिलेले कारण मला लागू नाही, कारण … (कागद जोडला). मी अर्जात कोणतीही माहिती लपवलेली नाही. मला अर्जाची प्रत, पडताळणी अहवाल आणि हप्तेनिहाय हिशोब द्यावा, समक्ष सुनावणी द्यावी, आणि निर्णय होईपर्यंत वसुली स्थगित ठेवावी." शेवटचं वाक्य कधीही गाळू नकोस. दोन प्रती ने. एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेऊन परत आण. आवकवाला पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव.

मूळ अर्जाची प्रत मागण्यामागे कारण आहे. पुष्कळ अर्ज दुसऱ्यानेच भरलेले असतात. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रावरच्या मुलाने "कुटुंबात नोकरदार नाही" या चौकटीवर न विचारता खूण केलेली असते. माहिती माणसाने स्वतः खोटी दिली, की अर्ज भरणाऱ्याने चुकवली, की माहिती बरोबर असूनही कार्यालयाने हप्ता सुरू ठेवला, यावर तुझी बाजू किती मजबूत हे ठरतं. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार वापर. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला पुरावा जोडल्यास तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा नेमकं माग.

आदेश विरुद्ध गेला आणि वसुली जमीन महसुलाची थकबाकी म्हणून निघाली, तर आदेशात महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम शोध. तहसीलदाराच्या त्या आदेशावर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील जातं, मुदत ६० दिवस. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज वेगळा दे. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

कुटुंब निवृत्तिवेतनाच्या विधवा आल्या तर वेगळ्या नजरेने बघ. पतीच्या मृत्यूनंतर ठरावीक काळच मिळणाऱ्या वाढीव दराची मुदत संपते, पण बँकेत दर खाली येत नाही. वर्षानुवर्षं जादा जमा होत राहतं आणि मग एकदम कपात सुरू होते. इथे पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा निर्णय कामाला येतो. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले, पाच वर्षांहून अधिक काळ जादा वेतन गेलेलं असणं, अशा प्रसंगी कर्मचाऱ्याकडून वसुली करू नये असं त्यात म्हटलं आहे. पण २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात, जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली चालेल असं ठरलं. म्हणून बँकेत सुरुवातीला कोणत्या हमीपत्रावर सही झाली ते आधी पाहा. आणि रफिक मसीहचा निर्णय कर्मचाऱ्यांच्या वेतनाबद्दलचा आहे हे ध्यानात ठेव. पीएम किसानच्या उत्तरात तो हमखास उपाय म्हणून चिकटवू नकोस, अधिकारी तेवढ्यावरून बाकीचं म्हणणंही बाजूला ठेवतो.

रक्कम खरोखरच देणं निघाली, तर तसं स्पष्ट सांग. खोटी आशा देणं वाईट. पण एकरकमीच भरावं असं मानून चालू नकोस. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, औषधांची बिलं जोडून दरमहा झेपेल असा हप्ता ठरवून माग. महिन्याला १,५०० रुपयांवर चालणाऱ्या बाईचं पूर्ण अनुदान कापून वसुली करणं म्हणजे तिची चूल बंद करणं, आणि हे अर्जात आकड्यांनी दाखव: किराणा किती, औषध किती, उरतं किती. सावकाराकडून काढून सरकारचं देणं फेडायला कुणाला जाऊ देऊ नकोस. हे देणं लांबलं तर अर्ज करता येतो, तिथलं व्याज थांबत नाही.

पैसे भरताना नोटिशीतल्याच खात्यात किंवा पोर्टलवरच्या परतफेडीच्या पर्यायातून भरायचे, आणि व्यवहार क्रमांक असलेली पावती घ्यायची. मध्यस्थाच्या हातात रोख नाही. व्हॉट्सअॅपवर पीएम किसानच्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर अॅप बसवणारी फाइल, उघडली की खातं रिकामं होऊ शकतं, हे प्रत्येकाला तोंडी सांग. भेदरलेला माणूस अशा फाइलवर पटकन बोट ठेवतो.

लाभार्थी वारला असेल आणि मृत्यूनंतरचे हप्ते जमा झाले असतील, तर घरच्यांनी ते काढू नयेत, मृत्यू दाखला देऊन कळवावं. आधीच काढले असतील तर तेवढेच परत करायचे. वारसांची जबाबदारी मयताकडून जे मिळालं तिथवरच असते. मुलाच्या स्वतःच्या पगारावर कुणी बोट ठेवू लागलं तर हे लेखी मांड.

पैसे भरून झाल्यावर किंवा नोटीस मागे घेतली गेल्यावर फाइल लगेच बंद करू नकोस. "वसुली निरंक" असं पत्र तहसीलमधून घे, खात्यावर होल्ड, म्हणजे पैसे काढण्यावरची रोक, राहिला आहे का ते बँकेत विचार, आणि नवा सातबारा काढून इतर हक्कात बोजा तर नाही ना ते बघ. बोजा राहिला तर पीक कर्जाच्या वेळी तो पुन्हा समोर येतो, आणि तेव्हा पेरणीची घाई असल्यामुळे फेरफाराला दिवस मिळत नाहीत.

कळावे.