वजनाचा काटा हलत का नाही? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांत थोड्याफार फरकाने एकच वाक्य आहे : "रोज चालतो, बाहेरचे खात नाही, तरी वजन उतरत नाही." पत्र लिहिणाऱ्यांची वये वेगळी आहेत, कामे वेगळी आहेत आणि वजन न उतरण्याची कारणेही वेगळी आहेत, सारखी आहे ती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली सांगोवांगीची माहिती. म्हणून काही पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, एवढे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून बँकेत नोकरी करतो. वजन ८२ किलो होते. तीन महिने न चुकता रोज एक तास चालत आहे. पण जेमतेम दोन किलो कमी झाले. माझे काय चुकते आहे?

उत्तर : चालण्यात काही चुकत नाही, अपेक्षेत चुकते आहे. ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालल्यास आपल्या वजनाच्या माणसाच्या, नुसते बसून राहण्याच्या तुलनेत, सुमारे २०० किलोकॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबीत साधारणपणे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे आहारात काहीही न बदलता केवळ चालून एक किलो उतरवण्यास ३८-३९ दिवस लागणार आणि तीन महिन्यांत दोन-सव्वादोन किलो उतरणार. आपला हिशोब चोख जुळला आहे. चालून परतताना टपरीवर थांबण्याची सवय असेल, तर एका वडापावात त्या दिवसाची कमाई संपते, हेही सांगून ठेवतो. आठवड्याला अर्धा किलो याहून अधिक वेगाची घाई करू नये, आणि या वयात रक्तदाब, साखर व रक्तातील चरबी एकदा आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. चालण्याचा खरा लाभ त्या आकड्यांत आधी दिसतो.

प्रश्न : सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेतल्याने चरबी वितळते का?

उत्तर : नाही; पाण्याने तहान भागते आणि मोठा चमचाभर मधातून साठेक किलोकॅलरी पोटात जातात.

प्रश्न : मी गृहिणी आहे, वय ३९, वजन ७१ किलो. घरचेच जेवण असते, तळण महिन्यातून एखाद्या वेळी. साखर बंद करून गूळ सुरू केला, गुरुवार आणि संकष्टीचे उपवास करते, रोज योगासने करते, रात्री एकच भाकरी खाते. वर्षभरात एक किलोही कमी झाले नाही. माझा चयापचय मंद आहे का?

उत्तर : "चयापचय मंद" हे शब्द मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो, आणि दहापैकी नऊ वेळा ते खरे नसतात. २०२१ साली सहा हजारांहून अधिक माणसांच्या दैनंदिन ऊर्जाखर्चाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचे आकारमान हिशोबात घेतल्यावर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो, असे त्यात आढळले. म्हणजे एकोणचाळिशीला दोष देता येत नाही. त्याआधी १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, "आम्ही अगदी थोडे खातो, तरी वजन उतरत नाही" असे सांगणाऱ्या व्यक्तींची काटेकोर तपासणी झाली. त्यांचा चयापचय ठीक होता; मात्र ते सांगत त्याच्या जवळजवळ दुप्पट त्यांचे खाणे होते. ही माणसे खोटे बोलत होती असे मी म्हणणार नाही. आपण काय खातो ते आपल्याला दिसतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या स्वयंपाकघरात हे न दिसणारे खाणे कोठे दडलेले असते, असे मला विचाराल तर मी आधी तेलाच्या बुधलीकडे बोट दाखवीन. दवाखान्यात माझा पहिला प्रश्न "तळलेले खाता का?" असा कधीच नसतो, कारण त्याचे उत्तर "नाही" असेच येते. माझा प्रश्न असतो : महिन्याला घरात तेल किती येते आणि खाणारी तोंडे किती? चार माणसांत पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ मिली तेल पोटात जाते. वजनात ते ३८ ग्रॅम होते. चरबीच्या एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी धरल्या तर ३४० किलोकॅलरी झाल्या, म्हणजे वरच्या प्रश्नातील गृहस्थांच्या दीड तासाहून अधिक चालण्याइतक्या. यात एकही पुरी तळलेली नाही. ही सगळी फोडणी, भाजी परतणे, थालीपिठाच्या भोकांत सोडलेली धार आणि लोणच्याचा खार.

माझ्या टेबलावर एक स्टीलची पळी, पाण्याचा तांब्या आणि औषधाचा खुणा केलेला कप ठेवलेला असतो. भाजीला दोन चमचे तेल घालते, असे सांगणाऱ्या एका बाईंना मी घरी घालतात तसे पाणी घालून दाखवायला सांगितले. त्यांनी सवयीने पळी तिरकी केली, मनगटाला एक झटका दिला आणि थांबल्या. कपात तीस मिलीची खूण बुडाली होती. त्यांनी कप उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर नुसत्या भाजीचं. वरणाची फोडणी वेगळी." पुढचे व्याख्यान मला द्यावे लागले नाही.

या जागी बहुतेक जण विचारतात की मग कोणते तेल वापरावे. लाकडी घाण्याचे असो वा रिफाइंड, शेंगदाण्याचे असो वा सूर्यफुलाचे, प्रत्येक ग्रॅममागे कॅलरी तितक्याच. डब्यावर हृदयाचे चित्र काढून "कोलेस्टेरॉलमुक्त" असे छापणे ही तर निव्वळ चलाखी आहे, कारण लक्षात घ्यावे असे कोलेस्टेरॉल कोणत्याच वनस्पतिजन्य तेलात नसते. उद्या कोणी मिठाच्या पुडीवर "साखरमुक्त" असे छापील. चार माणसांना महिन्याला अडीच लिटर पुरवून पाहा. पहिले पंधरा दिवस भाजी कोरडी लागेल, नंतर जिभेला सवय होते.

आता आपल्या उपवासांविषयी. शंभर ग्रॅम साबुदाण्यात ३५० किलोकॅलरी, त्यावर तीस ग्रॅम कुटाच्या १७०, दोन लहान चमचे तुपाच्या ९०, म्हणजे एका बशीत सहाशेवर गेलो. भाकरी, पालेभाजी आणि ताक यांचे साधे जेवण यापेक्षा हलके असते. श्रद्धेने उपवास करावा, त्यास माझी हरकत नाही, पण तो वजनाच्या खात्यात मांडू नये. गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरींत नावापुरता फरक आहे. शेंगदाणे उत्तम अन्न आहे, परंतु ते मुठीने मोजावे, वाटीने नव्हे. मुलांच्या ताटातले उरलेले, चहाबरोबरची दोन बिस्किटे आणि भाजीचे मीठ पाहताना तोंडात टाकलेला घास यांची नोंद तर कोणीच ठेवत नाही.

रात्रीची एकच भाकरी हा उपाय नसून बहुधा दुसऱ्या दिवशीच्या अवेळी भुकेचे कारण आहे. भाकरी दीड खावी, पण तिच्याबरोबर वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण आणि दही असावे. प्रथिने पुरेशी नसतील तर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. एक आठवडा तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू खाल्ल्याबरोबर वहीत लिहावी, रात्री आठवून नव्हे, आणि ती वही घेऊन आहारतज्ज्ञांकडे जावे. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासलेली नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासून घ्यावी. पाळी अनियमित असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

प्रश्न : संध्याकाळी सातनंतर जेवले की त्याची चरबीच होते, हे खरे आहे का?

उत्तर : घड्याळ पाहून चरबी होत नाही. सातला जेवून अकराला चिवड्याचा डबा उघडणार असाल, तर साडेआठला नीट जेवलेले बरे.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपासून व्यायामशाळेत वजने उचलतो. पँट सैल झाली, पण वजन एक किलोने वाढले. व्यायाम बंद करू का?

उत्तर : मुळीच नको. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा वाढतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. शिवाय थोडा स्नायूही वाढतो. आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. या संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेले छायाचित्र मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दोघांना एकाच काट्यावर तोलून काय कळणार? प्रथिनांची पावडर व्यायामशाळेतील प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून घेत असल्यास ती आधी डॉक्टरांना दाखवावी.

प्रश्न : माझा टीएसएच ५.८ आला असून २५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. गोळी दुप्पट केली की वजन झरझर उतरते, असे शेजारच्या वहिनी म्हणतात. करू का?

उत्तर : करू नये. थायरॉइड मंद असल्याने वाढणारे वजन बहुधा दोन ते चार किलोंचे असते आणि त्यातही पाण्याचा व मिठाचा वाटा मोठा असतो. त्याहून अधिक वजनाचा भार त्या बिचाऱ्या ग्रंथीवर टाकता येत नाही. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिनने, म्हणजे या गोळीतल्या औषधाने, हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने घ्यावा, आणि कॅल्शियमची वा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल, तर प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना तसे सांगावे, कारण त्याने अहवाल चुकू शकतो. मात्रा ठरवण्याचे काम वहिनींचे नाही.

प्रश्न : वडिलांचे वय ५८, मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन घेतात. पथ्य पाळतात, चालतात, तरी वजन वाढतेच.

उत्तर : ही दोन्ही औषधे वजन वाढवू शकतात. साखर मध्येच खाली जाऊन घाम, थरथर आणि भूक होत असेल, तर ते दर वेळी काहीतरी गोड खात असणार आणि पथ्य तेथेच वाया जाते. स्टिरॉइड, अमिट्रिप्टिलिन, ओलान्झापिन आणि व्हॅल्प्रोएट या औषधांनीही वजन वाढू शकते. कोणतेही औषध मनाने बंद करू नये; चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून, साखरेच्या नोंदींसह त्यांच्या डॉक्टरांना दाखवाव्यात आणि वजन न वाढवणारा पर्याय आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे.

प्रश्न : आमच्या गल्लीत सकाळी शेक पाजणारा क्लब निघाला आहे. शिवाय "महिन्यात दहा किलो" अशी वनौषधी कॅप्सूलची जाहिरात पाहिली. कोणते घ्यावे?

उत्तर : दोन्ही नको. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरल्याचे जे दाखवले जाते ते प्रामुख्याने पाणी असते, आणि तेच पाणी जेवण पूर्ववत होताच परत येते. तोवर डब्याचे पैसे गेलेले असतात. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणाचे नाव आहे, म्हणजे लठ्ठपणा बरा करणारे औषध म्हणून अशी जाहिरात करणेच बेकायदेशीर आहे. भूक कमी करणाऱ्या, पण रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढवणाऱ्या सिब्युट्रामिन या औषधावर भारतात २०११ साली बंदी आली. तरीही "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणवणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते मिसळलेले निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा सापडले आहे. कॅप्सूल खरोखरच गुण देत असेल, तर अधिक घाबरावे. घेऊन झाली असेल, तर डबीसह डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : वजन उतरवणारे इंजेक्शन कोठे मिळेल?

उत्तर : ब्युटी पार्लरमध्ये किंवा ओळखीच्या दुकानदाराकडे मागू नये. वजनासाठीची सेमाग्लुटाइड आणि तिरझेपटाइड ही इंजेक्शने भारतात २०२५ मध्ये रीतसर उपलब्ध झाली. ती गुणकारी आहेत, पण सर्वांसाठी नाहीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असल्यास किंवा घरात थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे. थांबवल्यावर वजन बहुधा पुन्हा वाढते. निर्णय तज्ज्ञांनी आपल्याला प्रत्यक्ष तपासूनच घ्यावा.

प्रश्न : मी ५६ वर्षांची आहे. आहार निम्म्यावर आणला, थोडे खाल्ले तरी पोट भरते, हातपाय बारीक झाले. मात्र पोटाचा घेर चार महिन्यांपासून वाढतोच आहे आणि लघवीला सारखे जावे लागते. पोट कमी करणारी कोणती आसने करू?

उत्तर : कोणतीही आसने करत बसू नये. हातपाय झिजत असताना पोट वाढणे हे चरबीचे लक्षण नव्हे. पोटात पाणी साठल्याने किंवा अंडाशयावरील गाठीने असे होऊ शकते, आणि त्यातली काही कारणे लवकर कळली तर उपचारांत मोठा फरक पडतो. आपण आधीच चार महिने घालवले आहेत. हे उत्तर वाचल्यावर या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. जाताना जुने अहवाल, पाळी थांबल्याचे वर्ष आणि घरात कोणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला होता का, एवढे कागदावर लिहून न्यावे.