एसओएमसाठी शिकागोला यायचं म्हणतोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करतोस, मुलगी पाच वर्षांची आहे, इथे एम.आर्क. (आर्किटेक्चरची मास्टर्स) करून शिकागोत एसओएम, म्हणजे स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिलसारख्या मोठ्या आर्किटेक्चर फर्ममध्ये टॉवरवर काम करायचंय, तर यावं का? ताई म्हणालास म्हणून एकेरीत लिहिते. व्हिसाची फी, लायसन्सच्या परीक्षा, तारखा हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहिणार नाही. मी एसओएममध्ये नाही, याच शहरातल्या दुसऱ्या एका मोठ्या फर्ममध्ये आहे. नाव सांगत नाही. पण माणसं इकडून तिकडे जातात-येतात, कामाची पद्धतही जवळपास तीच.

टॉवरांचं वेड मला कळतं, अजून उतरलेलं नाही माझंही. एसओएमच्याच हॅनकॉक सेंटरचं नाव आता नुसतं ८७५ नॉर्थ मिशिगन झालंय, आम्ही हॅनकॉकच म्हणतो. शंभर मजले, आणि वाऱ्याचा जोर घेणाऱ्या त्या प्रचंड फुल्या सरळ दर्शनी भागावर. काहींच्या बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून तिरकं पोलाद जातं आणि ते लोक त्याचा अभिमान बाळगतात! त्यांचाच सिअर्स टॉवर, आता विलिस टॉवर, म्हणजे पंचाहत्तर फुटी चौकोनाच्या नऊ नळ्यांची जुडी. दोन पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, उरलेल्या दोन टोकापर्यंत. डोळ्यांना जे रूप दिसतं तेच त्याचं स्ट्रक्चर. दुबईचा बुर्ज खलिफाही त्यांचाच, ८२८ मीटर, तीन पंख मधल्या कोअरला, म्हणजे लिफ्ट-जिन्यांच्या गाभ्याला, तिन्ही बाजूंनी टेकू देतात. आणि ज्या टर्मिनलवरून तू विमानात बसशील ते मुंबईचं टी-टूसुद्धा एसओएमचंच, २०१४ चं. एवढं मोठं छत फक्त तीस खांबांवर आहे, रांगेत उभा असशील तेव्हा वर बघ.

तू फझलूर खान यांचं नाव घेतलंस. सगळेच घेतात. ढाक्याचा मुलगा १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर इलिनॉयला आला आणि पुढे हॅनकॉक, सिअर्स उभे केले. सिअर्सजवळच्या चौकात त्यांच्या नावाची तपकिरी पाटी आहे. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, ते स्ट्रक्चरल इंजिनियर होते. या दोन्ही इमारतींचे आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम. दुसरं, शिक्षण संपवून ते परत गेले होते. तिकडे मनासारखं काम मिळेना म्हणून १९६० मध्ये पुन्हा एसओएममध्ये आले. मला त्यांच्या इमारतींइतकीच ती मधली वर्षं खुणावतात. परत जाऊन बघायची मुभा सगळ्यांना मिळत नाही, निदान ग्रीन कार्डच्या रांगेत उभं असताना तरी नाही.

आता काम. टॉवरची कल्पना चार-सहा लोकांच्या टेबलावर ठरते. बाकीचे आम्ही कोअर करतो. लिफ्टचे शाफ्ट, जिने, टॉयलेट, इलेक्ट्रिकल रायझर (विजेच्या केबल वर नेणारी उभी वाट), आणि लिफ्टचा झोन, म्हणजे कुठली लिफ्ट कुठल्या मजल्यांना, बदलला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या उमेदीची बरीच वर्षं जिन्यांत गेली. मला ते काम आवडतं, हे कोणाला पटत नाही. आग लागली की धूर जिन्यात शिरू नये म्हणून हवेचा दाब वाढवतात, मग दार उघडायला किती जोर लागेल ते बघावं लागतं, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला उघडणारच नाही. काचेच्या दर्शनी भागाचा एक तुकडा आधी चाचणीसाठी उभारतात, विमानाचा पंखा लावून त्यावर पाणी मारतात आणि आम्ही आतल्या बाजूला बॅटरी घेऊन थेंब शोधत बसतो. हे तुला कंटाळवाणं वाटत असेल तर येऊ नकोस. यात मजा वाटत असेल तर पुण्यात हे इतकं खोलवर मिळणार नाही, हेही खरं. नावाचं म्हणशील तर बुर्जचे डिझायनर एड्रियन स्मिथ यांनीसुद्धा ती पूर्ण व्हायच्या आधीच, २००६ मध्ये, फर्म सोडली होती.

माझी आई ठाण्यात सगळ्यांना सांगते, शिकागोतला अमुक टॉवर आमच्या हिने बांधला. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

मोठी फर्म म्हणजे सुरक्षित, असं मात्र समजू नकोस. तळ्याकाठी शिकागो स्पायर नावाचा दोन हजार फुटी टॉवर व्हायचा होता, सान्तियागो कालात्रावा या स्पॅनिश आर्किटेक्टचा. २००८ च्या मंदीत काम थांबलं आणि पायाचा गोल खड्डा तसाच राहिला, वर्षानुवर्षं. २०२४ मध्ये तिथे एसओएमचाच बहात्तर मजली टॉवर बांधायला घेतला. २००९ मध्ये मला काढलं. सकाळी मीटिंग, दुपारी हातात सामानाचा खोका. तेव्हा एच-वन-बीवाल्यांना, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना, नोकरी गेल्यावर आजच्यासारखे साठ दिवसही मिळत नव्हते. नवऱ्याच्या व्हिसावर एच-फोर (जोडीदाराचा व्हिसा) झाले, म्हणजे काम करायला बंदी. त्या काळात मी स्वयंपाक शिकले असं गमतीने सांगते. खरं म्हणजे मी त्या खड्ड्यापर्यंत चालत जायची आणि कुंपणाच्या फटीतून बघत उभी राहायची.

कागदांचं एकच सांगते. तुझं एम.आर्क. इथल्या लायसन्ससाठी मान्यताप्राप्त नसेल, तर तुझ्या बी.आर्क.चं इथे मूल्यांकन होतं आणि त्यासाठी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासांसकट, कॉलेजच्या शिक्क्याने लागतो. माझ्या कॉलेजने 'जुना सिलॅबस रद्दीत गेला' असं तोंडावर सांगितलं. माझ्या भावाने सुट्ट्या काढून खेटे घातले, साहेब कायम रजेवर. शेवटी एका निवृत्त शिपायाने कुठल्याशा कपाटातून प्रत काढून दिली. तू अजून पुण्यात आहेस, उद्याच जा. लायसन्स मिळेपर्यंत इथे कायद्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, भारतात कितीही वर्षं म्हणवत असलास तरी.

तुझ्या मुलीच्या शाळेबद्दल विचारलंस, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले. माझी मुलगी ठाण्याला इंग्रजी माध्यमात सीनियर केजी करून आली. इथल्या शाळेच्या फॉर्मवर प्रश्न होता, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. आजही तेच लिहीन. नवीन जागी पोर गप्प बसली, तर शाळेने ठरवलं की हिला इंग्रजी येत नाही. रोज वाचनाच्या तासाला तिला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेत, नुकत्याच आलेल्या मुलांबरोबर, सफरचंदाचं चित्र दाखवून 'ॲपल' म्हणायला. ती घरी गोष्टींची पुस्तकं वाचत होती! मी भेटायला गेले तर बाई माझ्याशीच मोठ्याने, शब्द तोडून तोडून बोलायला लागल्या. वर्ष संपेपर्यंत काही बदललं नाही. पण पोरीने आपल्यापुरता हिशेब केला: मराठीमुळे मला त्या खोलीत बसवतात. एका संध्याकाळी तिने मला इंग्रजीत उत्तर दिलं, आणि मग देतच राहिली. आता ती मोठी झाली आहे, हुशार आहे, मराठी सगळं कळतं. आजीशी फोनवर इंग्रजीत बोलते आणि आजी 'हो हो बाळा' करते. मला त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. तुझ्या मुलीला चाचणी घेतली तर निकाल लेखी माग, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या वर्गात जाऊन बस.

एकटेपणा? असतो. जानेवारीत जास्त. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, ओळखी होतात. पुढे.

पोर्टफोलिओत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरची देखणी चित्रं, कमी कर. तुझ्या हातचे वर्किंग ड्रॉइंग घाल, एखाद्या जिन्याचा किंवा खिडकीचा पूर्ण डिटेल, साइटवरच्या फोटोसकट. मोठ्या फर्ममध्ये पहिली चाळण करणारे माझ्यासारखेच लोक असतात, आम्ही तेच बघतो. मला पाठवलास तर बघून सांगेन.

आणि एक. तू पगार विचारलास, फर्म विचारलीस, मुलीची शाळा विचारलीस. बायको काय करते ते लिहिलंच नाहीस. तू विद्यार्थी म्हणून आलास तर ती एफ-टूवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, येईल आणि तिला एक तासही काम करता येणार नाही. पुढे तुला एच-वन-बी मिळाला तरी, तुझ्या ग्रीन कार्डची फाइल एका टप्प्यापर्यंत पोचेस्तोवर तिला परवाना मिळत नाही. हे तिला माहीत आहे का? तिला हे पत्र वाचायला दे, आणि तिचे काही प्रश्न असतील तर तिलाच लिहू दे.