क्लच जड झालाय? आधी वायर बघा, मग लिव्हर

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

प्रश्न : माझी 150 सीसीची गाडी सहा वर्षं जुनी आहे. कारखाने सुरू झाले की लातूर रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागं रेंगाळावं लागतं आणि डावा पंजा भरून येतो. दोन बोटांची छोटी सीएनसी लिव्हर बसवली तर क्लच हलका होईल का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नाही, उलट जड लागेल. लिव्हर ही शेवटी तरफच. पिव्हट बोल्टपासून (लिव्हर ज्यावर फिरते तो बोल्ट) बोटं जितकी लांब, तितका जोर कमी. मूळ लिव्हर तुम्ही बोल्टपासून 120 मिमीवर ओढत असाल आणि छोटी 90 मिमीवर ओढावी लागली, तर त्याच वायरला सव्वापटीहून जास्त जोर लावावा लागतो. काही लिव्हरमध्ये यावर उपाय म्हणून निपलचं (वायरच्या टोकाची धातूची गोळी) भोक बोल्टच्या जवळ आणलेलं असतं. हे अंतर 30 मिमीवरून 27 वर आणलं की जोर 10 टक्क्यांनी घटतो खरा, पण वायरसुद्धा तेवढीच कमी ओढली जाते. मग क्लचच्या प्लेटा पुरत्या सुटत नाहीत. पहिला गिअर टाकताना खाड्कन आवाज होतो, न्यूट्रल सापडत नाही, लिव्हर दाबून धरली तरी गाडी पुढं सरकते. ‘हलकी लिव्हर’ म्हणून कोणी विकत असेल, तर व्हर्नियरनं हे एक माप जुन्या लिव्हरशी ताडून बघा आणि मगच पैसे द्या.

सहा वर्षांच्या गाडीत पहिला संशय वायरवर घ्यावा. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ वरच्या टोकातून आत शिरते, तेलात कालवली जाते आणि उन्हाळ्यात तिचा लगदा वाळून बसतो. खात्री करायची तर वायर लिव्हरमधून सोडवा. लिव्हरजवळची लॉक रिंग ढिली करून अॅडजस्टर पूर्ण आत फिरवा. रिंग, अॅडजस्टर आणि योक (हँडलवर लिव्हर धरून ठेवणारा भाग) या तिन्हींच्या खाचा एका रेषेत आणा. खाली इंजिनाजवळचे नट सैल करा. आता वरचं कव्हर अॅडजस्टरमधून बाहेर ओढून तार खाचेतून काढा, निपल आपोआप सुटतं.

नुसती लिव्हर एका बोटानं हलवा. ती अडकत असेल तर दोष पिव्हटचा. मग वायरचं खालचं टोकही सोडवून आतली तार हातानं मागं-पुढं करा. खरखर लागली तर दोष वायरचा. दोन्ही मोकळं असेल, तर इंजिनाच्या कव्हरवरचा रिलीज आर्म (वायर ज्याला ओढते तो दांडा) गंजलाय का, किंवा मागं बदललेल्या क्लचकिटच्या स्प्रिंगा जास्त कडक आहेत का, ते मिस्त्रीला बघायला लावा.

वायर कोरडी असेल तर पूर्ण उतरवून खिळ्याला टांगा, वरच्या टोकाला प्लॅस्टिकची पुंगळी रबरानं बांधा आणि तीत शिलाई मशिनचं पातळ तेल घालून रात्रभर ठेवा. सकाळी खालून काळं तेल गळालेलं दिसेल. स्वच्छ तेल येईपर्यंत थोडं थोडं घालत राहा. ग्रीस मात्र आत कोंबू नका. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या वायरीला तेलही नको. निपलपाशी एक जरी तार तुटून केसासारखी उभी राहिलेली दिसली, तर तेलपाणी करत बसू नका, वायर बदला. तिथंच ती का तुटते? निपल लिव्हरच्या भोकात फिरायला हवं. ते ग्रीसविना जाम झालं की प्रत्येक दाबाला तार त्याच ठिकाणी वाकते.

एवढं करून नवी लिव्हर हवीच असेल, तर मूळ लांबीची आणि तुमच्या गाडीच्या मॉडेलचीच घ्या. बोल्टच्या भोकातली पितळी बुश जुन्या लिव्हरसोबत फेकली जाते, ती आधी काढून ठेवा. पिव्हटला आणि निपलला बोटभर ग्रीस लावा. बोल्ट आवळताना हात आखडता ठेवा: लिव्हर सोडल्यावर आपली आपण परत यायला हवी. मग बोल्ट पान्यानं धरून खालचा लॉकनट घट्ट करा. बोल्ट न धरता नट आवळला की बोल्टही फिरतो आणि लिव्हर चिमटीत सापडते. नव्या लिव्हरची सर्वांत जास्त आढळणारी तक्रार ही, आणि दोष बिचाऱ्या लिव्हरला लागतो.

प्रश्न : माझी बोटं आखूड आहेत, लिव्हर लांब पडते. सहा टप्प्यांची अॅडजस्टेबल लिव्हर घ्यावी का?
— एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : ताई, तुमच्यासाठी ती खरोखर कामाची आहे. मात्र आधी एक फुकटचा उपाय करा. गाडीवर नेहमीसारखं बसून हात सरळ ठेवा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेषा यायला हवी. मनगट वर मोडत असेल तर योकचे बोल्ट थोडे सैल करून लिव्हर खाली झुकवा. आरसा योकवरच असतो, त्यामुळे तोही परत लावावा लागेल. बऱ्याच जणींचं काम एवढ्यावर भागतं.

अॅडजस्टेबल घेतलीत, तर टप्पा बदलायची चकती एकदम सर्वांत जवळच्या टप्प्यावर नेऊ नका. लिव्हर मुठीजवळ आली की तिची चाल कमी होते आणि क्लच अर्धवट सुटतो. एकेक टप्पा घेत तपासा: इंजिन तापलेलं, सपाट जागा, पुढं मोकळं, पहिला गिअर, लिव्हर मुठीपर्यंत दाबलेली. गाडी जागची हलली नाही आणि पहिल्यावरून न्यूट्रल सहज लागलं, तर तो टप्पा चालेल. लिव्हरच्या टोकाला गोल बोंडी असलेलीच घ्या. टोकदार लिव्हर पडल्यावर अंगात घुसते.

प्रश्न : नवी लिव्हर लावल्यापासून चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही.
— एक वाचक, बीड

उत्तर : फ्री प्ले, म्हणजे वायर ताणली जाण्याआधीची लिव्हरची मोकळी चाल, संपलाय. क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि प्लेटा घसरून जळतात. 100 ते 160 सीसीच्या बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी मोकळी चाल लागते. गाडीसोबतच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम माना. मोठा फरक खालच्या नटांवर काढा, बारीक फरक वरच्या अॅडजस्टरवर. नंतर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर चाल कमी-जास्त होत असेल, तर वायर कुठंतरी ताणली जातेय, तिचा मार्ग सुधारा. चाल बरोबर असूनही घसरत असेल तर तेल विचारा: मोटरसायकलला डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 (JASO MA/MA2, दुचाकीच्या तेलाची प्रत) लिहिलेलंच तेल हवं, कारचं ओतलं तर प्लेटा घसरतात.

प्रश्न : लिव्हर बदलली, आता गिअरमध्ये असताना सेल्फ लागत नाही.
— एक वाचक, जालना

उत्तर : तुमच्या गाडीच्या योकमध्ये क्लच स्विच आहे आणि नव्या लिव्हरचा तो दाबणारा उंचवटा एकतर नाही किंवा आखूड आहे. जुनी लिव्हर शेजारी धरून बघा, फरक दिसेल. स्विचच्या तारा जोडून काम भागवू नका, मग गिअरमध्ये सेल्फ मारताच गाडी उडी घेईल. लिव्हर परत करा.