स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये रंगीत अक्षरं पुसट का दिसतात, आणि फाइल छोटी कशी करायची?

बिटरेट (दर सेकंदाला व्हिडिओसाठी वापरला जाणारा डेटा) वाढवून फारसा फरक पडणार नाही, कारण घोळ बहुतेक रंगाचा आहे. नेहमीच्या व्हिडिओत ४:२:० ही रंग साठवायची पद्धत असते म्हणजे चार पिक्सेलमागे रंग एकदाच साठवतात, कॅमेऱ्याच्या शूटिंगला ते चालून जातं पण काळ्या कोड एडिटरवरच्या लाल बारीक अक्षरांची पार वाट लागते. एक्स२६४ (व्हिडिओ एन्कोड करायचं, म्हणजे दाबून साठवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ४:४:४ करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग साठवला जातो, फक्त बऱ्याच मोबाइलवर ते चालत नाही हे आधीच सांगतो. साइझसाठी फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) १०-१५ वर आणा, कोड दाखवायला ६० कशाला हवेत? एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये स्क्रीनसाठी पॅलेट मोड (मोजक्या रंगांची यादी करून साठवणं) आणि इंट्रा ब्लॉक कॉपी आहे, म्हणजे तेच अक्षर त्याच फ्रेममध्ये परत आलं की आधीच्याचीच कॉपी घेतली जाते, भारी काम करतं पण एन्कोडिंग स्लो. आणि स्क्रीनशॉट असेल तर सरळ पीएनजी (त्यात चित्रातलं काही गाळलं जात नाही), जेपेग नको.